पालकाची सही

दाढेत सिमेंट भरून झाल्यावर नीलमनं हातमोजे काढले, सवयीनं फोन उघडला, आणि फोनमध्ये तिची आई बसलेली होती. उंबऱ्याला टेकून, एक पाय लांब सोडून, मांडीवर सूप घेऊन. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याची गुंडी. मान जरा डावीकडं कललेली. वर्षानुवर्षं विड्या वळून अंगठ्याच्या पेराला पडलेला घट्टासुद्धा चित्रकारानं सोडला नव्हता. खुर्चीतला पेशंट तोंड वासून वाट बघत होता, त्याला ‘मिटा आता’ म्हणायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. अर्थात ती आई नव्हती. ते चित्र होतं, शाळेच्या लायब्ररीतल्या कुठल्याशा चित्रपुस्तकाचं पान, कुणीतरी फोटो काढून तिसरीच्या पालकांच्या ग्रुपवर टाकलेलं. खाली लिहिलं होतं, ‘हे काय शिकवूलालेत आमच्या पोरांस्नी? विड्या वळायला?’ आणि त्याखाली बघता बघता तेवीस जणांनी अंगठे उमटवले होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण लोकांना राग मात्र मराठीतच आला होता. नीलमनं फोन पालथा घातला आणि पुढच्या पेशंटला आत पाठवायला सांगितलं.

दिवसभरात तिनं सात तोंडं बघितली, त्यातली चार तंबाखूनं रंगलेली. हिरड्या खाली सरकलेल्या, गालाच्या आत पांढरे चट्टे. ‘तंबाखू सोडा’ हे वाक्य ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची की त्यातला अर्थ केव्हाच उडून गेला होता. आईनं विड्या वळल्या म्हणून ती डॉक्टर झाली, आणि लोकांनी त्या ओढल्या म्हणून तिचा बेळगावातला दवाखाना चालला. हा हिशोब तिनं कधी कुणाला बोलून दाखवला नव्हता, नवऱ्यालासुद्धा नाही. यशपाल धारवाडला सरकारी इंजिनियर, शनिवारी रात्री यायचा. त्याच्या ऑफिसात तो कुणातला हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं, त्याला ते लपवायची सोयच नव्हती, म्हणून की काय, तो मोकळा होता. नीलमला मात्र सोय मिळाली होती. सासऱ्यांनी गावाच्या नावावरनं लावलेलं कडोलीकर हे आडनाव. त्यातून काही कळत नाही. दवाखान्याच्या पाटीवर ते नाव चढलं तेव्हा शेजारच्या औषध दुकानदारानं विचारलं होतं, ‘कडोलीचं व्हय तुमी? म्हंजे पाटलांच्यातलं असणार.’ ती हसली होती. हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती, नुसती हसली होती. ते हसू आठ वर्षं टिकलं होतं.

त्या संध्याकाळी भाजी निवडताना तिला निपाणीचा कट्टा आठवत राहिला. आठवायचा नव्हता तरी. गल्लीच्या तोंडाशी कट्टा, त्यावर चार बायका चार सुपं घेऊन बसलेल्या: सोनुबाई, म्हणजे तिची आई, मालुबाई, मनुबाई आणि एक म्हातारी जिला सगळे नुसतं आक्का म्हणायचे. गल्लीतल्या सगळ्या पोरी शाळेतून आल्या की सूप घ्यायच्या. नीलमलाही घ्यावं लागायचं. मग दुसरीत असताना एकदा पानं गुंडाळून आलेला पेपरचा कागद तिनं मोठ्यानं वाचला, कुठल्या तरी धरणाची बातमी होती, आणि चौघींचे हात चालूच राहिले पण माना वर झाल्या. आक्का म्हणाली, ‘वाच गं, वाच फुडं.’ दुसऱ्या दिवसापासून तो रिवाजच पडला. नीलमनं वाचायचं, आणि तिच्या वाटणीच्या विड्या चौघींनी आपापल्या सुपातून मूठमूठ काढून भरून द्यायच्या. त्या मुठीला कट्ट्यावर नावही पडलं, वाचनाच्या विड्या. कुणी जास्त बोललं की मालुबाई म्हणायची, ‘पोरीच्या वाचनाच्या इड्या टाकल्यात मी, गप ऱ्हावा, ऐकू द्या.’ लग्नाच्या जाहिराती, खून, निवडणूक, गाईच्या दुधाचा भाव, ती सगळं वाचायची. एकदा काही नको ते आलं, एका बाईला गावानं मारल्याची बातमी होती, आणि मनुबाई म्हणाली, ‘ते गाळ गं. ल्हान हाय पोर.’ तेव्हा सोनुबाईनं दोरा दातानं तोडला आणि म्हटलं, ‘न्हाय. लिवलंय ते समदं वाचायचं. आपुन गाळलं तर तिला कोन सांगणार?’ अक्षरओळख नसलेल्या बाईनं पोरीच्या वाचनाला केलेलं एवढंच मार्गदर्शन. बाकी त्या कट्ट्यावर कधी कुणी काही गाळलं नाही.

आणि आता शाळा मार्गदर्शनाची समिती नेमणार होती. ग्रुपवर तीन दिवस नुसता धुरळा. कुणी म्हणालं मुलांच्या कोवळ्या मनावर परिणाम होतो, कुणी म्हणालं बालमजुरीचं उदात्तीकरण, कुणी नुसतेच रागावलेले चेहरे टाकले. पुस्तकाचं नाव ‘आजीचं सूप’ आणि ते कुणीही पूर्ण वाचलेलं नव्हतं, एका पानावरच भागलं होतं. प्रिन्सिपलबाई घाबरल्या आणि त्यांनी चार पालकांची समिती केली: लायब्ररीतली सगळी चित्रपुस्तकं तपासायची, आक्षेपार्ह पुस्तकाला आत पिवळी चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर कारण लिहायचं, आणि ते पुस्तक पालकानं सही केलेला कागद आणल्याशिवाय मुलाला द्यायचं नाही. समितीची प्रमुख राजेश्वरी. शहापुरात तिचं साड्यांचं मोठं दुकान, तोंड गोड, आवाज खणखणीत. तिचाच फोन आला. ‘डॉक्टर, तुमी पायजेच बगा. तंबाखूचा विषय हाय. आमी आपलं बोलतोय, पण डॉक्टरनं बोललं की त्याला वजन येतंय नव्हं?’ यशपाल त्या रात्री फोनवर म्हणाला, ‘जाऊ नकोस. न्हायतर जा आणि सांगून टाक एकदाचं. काय होतंय?’ काय होतंय! नीलमला त्याचा राग आला. काय होतं ते तिला माहीत होतं. हुबळीत डेंटलला शिकताना तिची रूममेट, एकाच ताटात जेवणारी, एकच कंगवा वापरणारी, एक दिवस तिच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून लावलेले फोटो बघून गप्प झाली. बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी सूप घेतलेल्या आईचा. आठवड्यात तिनं खोली बदलून मागितली. कारण दिलं, पंख्याचा आवाज होतो. वॉर्डननं पंखा बघायला माणूससुद्धा पाठवला होता. तो टेबलावर चढून, पात्यांना हात लावून म्हणाला, ‘ह्यो तर बरा हाय की.’ नीलम खाली मान घालून पुस्तक वाचत राहिली. लोक खरं कारण कधी देतच नाहीत, हे तिला त्या दिवशी कळलं. कुणी शिवी दिली असती तर तिला उलट बोलता आलं असतं, ती सोनुबाईची लेक होती. पंख्याला काय बोलणार?

त्यातच जयवंता टीचरनं आणखी एक खडा टाकला. जयवंता म्हणजे लायब्ररीची टीचर, सदलग्याची पोरगी, नोकरीला दोन वर्षं झालेली. पुस्तकं तिनंच निवडून मागवली होती आणि सगळं तिच्याच अंगाशी येणार होतं. शाळा सुटताना गेटवर ती नीलमजवळ आली. ‘मॅडम, तुम्ही समितीत आहात म्हणून जरा बरं वाटलं. वर्गात ते पुस्तक मी वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांत जास्त प्रश्न तुमच्या उपासनानं विचारले. म्हणाली, माझी आजी पण निपाणीची आहे.’ नीलमनं आधी आजूबाजूला कुणी ऐकलं का ते बघितलं. राजेश्वरीची मुलगी उपासनाच्या बाकावर बसते. ‘हो का,’ ती म्हणाली. जयवंता तिच्याकडं बघत राहिली, जरा जास्तच वेळ. या पोरीला काही तरी कळलंय, की उगाच आपल्याला वाटतंय, हे नीलमला ठरवता येईना. घरी आल्यावर उपासनानं बूट काढता काढता विचारलं, ‘आई, आजी निपाणीत काय काम करायची?’ ‘कारखान्यात होती.’ ‘सुपरवायझर?’ ‘तसंच काही तरी.’ आठ वर्षांच्या मुलीला एवढं पुरलं. ती टीव्हीकडं गेली. नीलमला मात्र त्या ‘तसंच’ची चव तोंडात कितीतरी वेळ येत राहिली. बिडीच्या वखारीत माल तपासणारा जो चेकर असायचा, बायकांच्या विड्या मुठीनं छाटून बाजूला टाकणारा आणि त्याही पैसे न देता ठेवून घेणारा, त्याच्या तोंडावर सोनुबाईनं एकदा रिकामं सूप आपटलं होतं. आणि इथं लेकीनं तिलाच त्याच्या जागी नेऊन बसवलं होतं.

शनिवारी चित्रकलेच्या हॉलमध्ये लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर चार मोठे पालक गुडघे वर करून बसले. पुस्तकांचे ढीग समोर. गंमतच होती सगळी. वाघ हरणाला खातो म्हणून एका गृहस्थानं हिंसा लिहिलं, एका पुस्तकात मुलगा चड्डीवर होता म्हणून तेही बाजूला गेलं. नीलम पुस्तकं हातात घ्यायची आणि क्षणभर विसरायची की आपण तपासायला आलोय. किती गुळगुळीत कागद, किती रंग! तिच्या लहानपणी असलं एखादं पुस्तक त्या कट्ट्यावर आलं असतं तर चौघींनी सुपं बाजूला ठेवली असती, हात पदराला पुसून मग पानाला लावले असते. तेवढ्यात राजेश्वरी किंचाळली, ‘अगं बाई, हे बघा!’ त्याच मालेतलं दुसरं पुस्तक होतं, मागावर बसलेल्या आजोबांचं. खड्ड्यात पाय सोडून बसलेले, हातात धोटा, नातू शेजारी सूत धरून. ‘आमचे मामंजी! अस्सेच बसायचे हो वडगावात, अगदी असेच. किती गोड काढलंय!’ तिनं फोटो काढला, नवऱ्याला पाठवला, समितीला दाखवला. नातवानं सूत धरलंय ही बालमजुरी आहे, असं कुणाच्या मनातही आलं नाही. पुस्तक पास झालं. नीलम तिच्याकडं बघत होती आणि तिला हेवा वाटत होता, जळून जावं इतका. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या बाईनं किती सहज म्हटलं, आमचे. एवढासा शब्द, त्याला किंमत पडत नाही, जीभ अडखळत नाही. आत्ता, याच क्षणी, आपणही म्हणू शकतो, तिला वाटलं. पुढचं पुस्तक तेच आहे. उघडायचं आणि म्हणायचं, ‘ही बघा आमची आई. अश्शीच बसायची.’ तिनं मनात म्हणूनही बघितलं. आवाज बरा लागत होता.

मग ‘आजीचं सूप’ आलं. राजेश्वरीनं ते पानं उलटत सगळ्यांना दाखवलं, बिलातल्या चुका दाखवाव्यात तसं. आजी पानं भिजत घालते. आजी पानं कापते. नात दोऱ्याची गुंडी सोडवते. वखारीच्या खिडकीशी बायकांची रांग, आत चेकर. आजी खोकते, नात पाणी देते. शेवटच्या पानावर नात दिव्याखाली पाटी घेऊन बसलेली, आजी तिच्याकडं बघतेय, आणि मागच्या भिंतीवर निळ्या चौकटीत चष्मा घातलेले बाबासाहेब. राजेश्वरीचं बोट त्या चौकटीवर आलं आणि थांबलं. फार नाही, एखादा श्वास. एक गृहस्थ खिडकीबाहेर बघायला लागले. बोट तिथून उचललं गेलं, मागं गेलं आणि पहिल्या पानावरच्या सुपावर टेकलं. ‘तंबाखू,’ राजेश्वरी म्हणाली. ‘आमचं बाकी काय म्हणणं न्हाय. कोण कुणाची आजी असंल ती असू दे. पण तंबाखू तेवढी नको. काय डॉक्टर?’ पंखा, नीलमच्या मनात आलं. पंख्याचा आवाज. दारापाशी उभी असलेली जयवंता म्हणाली, ‘तंबाखू कुणी ओढत नाही यात. काम आहे ते. मॅडम, तुम्ही तरी पूर्ण वाचा की.’ ती दारातून एक पाऊल आत आली. सगळे नीलमकडं बघायला लागले. आणि नीलमला त्या सगळ्यांचे चेहरे त्या क्षणी नको इतके स्वच्छ दिसले. वाईट माणसं नव्हती ती. दिवाळीचा फराळ पाठवणारी, मुलाचा दात हलला की मध्यरात्री फोन करणारी. उद्या तिनं सांगितलं असतं तर तोंडावर कुणी काही बोललं नसतं. ‘अय्या, वाटत न्हाय हो तुमच्याकडं बघून,’ म्हणाले असते. मग फराळ कमी झाला असता, बाकावरची जागा बदलली असती, आणि प्रत्येकाला काहीतरी सभ्य कारण असतं. तिनं पिवळी चिठ्ठी पुढं ओढली आणि सुबक अक्षरात लिहिलं: ‘तंबाखूजन्य पदार्थांचे चित्रण. बालआरोग्याच्या दृष्टीने हानिकारक. पालक मार्गदर्शन आवश्यक.’ खाली पूर्ण नाव, पदवी, सही. ‘काय अक्षर हाय बगा डॉक्टरचं,’ राजेश्वरी कौतुकानं म्हणाली. अक्षर चांगलं असणारच. चार बायकांनी मूठमूठ विड्या टाकून घडवलेलं अक्षर होतं ते. जयवंतानं पुस्तक उचललं, चिठ्ठी वाचली आणि नीलमकडं एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग असता तर नीलमला चाललं असतं. त्यात कीव होती.

पुढच्या आठवड्यात सोनुबाई कवळी बसवायला आली. लेक दातांची डॉक्टर आणि आई बोळकी, म्हणून निपाणीत सगळे चिडवतात असं म्हणत होती. नीलमनं दुपारी दवाखाना बंद असताना तिला नेऊन मापं घेतली. तोंडात मसाला भरलेला साचा घालून सोनुबाई खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर उपडे, आणि नीलमला तिच्या तोंडात बोटं घालून उभं राहताना एकदम रडू आलं. मास्क होता म्हणून बरं. बिल्डिंगमधली कुणी बाई घरी आली की सोनुबाई न सांगता घट्टे पडलेले हात पदराखाली घेई. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. विडी कामगारांच्या मोर्चात पुढं चालणारी, चेकरला आया-बहिणीवरून शिव्या हासडणारी बाई लेकीच्या घरात एवढी शहाणी झाली होती, आणि नीलमनं कधीही ‘आई, हात बाहेर काढ’ असं म्हटलं नव्हतं.

रविवारी दुपारी यशपाल गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेला होता. नीलम स्वयंपाकघरात भांडी विसळत होती, आजी-नात बाहेर खोलीत होत्या. उपासना म्हणाली, ‘आजी, तू लहान होतीस तेव्हा काय करायचीस?’ ‘मी? मी तुझ्यायेवढी हुते तवा आमच्या आईसंगट इड्या...’ ‘थांब थांब आजी!’ उपासना जवळजवळ ओरडलीच. ‘ते सांगू नको. त्याला आधी सही लागते.’ ‘कसली गं सही?’ ‘पालकांची. आमच्या शाळेत विड्यांचं पुस्तक आहे ना, ते सही असल्याशिवाय देत नाहीत. ते लहान मुलांना हानिकारक असतं. आईनंच लिहिलंय आतमध्ये. डॉक्टर आहे ना ती, म्हणून तिनं सांगितलं की मग सगळे ऐकतात.’

नळाचं पाणी चालू होतं, ते बंद करायचं नीलमला सुचलं नाही. मग सोनुबाई म्हणाली, ‘तुझ्या आईनं लिवलंय?’ ‘हो. नाव पण आहे तिचं.’ ‘आसं व्हय.’ सोनुबाई खोकली. ‘मग आन जा की सही. तुज्या आईचीच पायजे न्हवं? घरातच हाय ती.’ उपासना धावत आत आली. दप्तरातून कागदही घेऊन आली, पेनही. ‘आई, इथं कर. म्हणजे आजी पण सांगेल आणि पुस्तक पण मिळेल. उद्या शेवटचा दिवस आहे, कुणीच सही आणली नाही तर पुस्तक परत पाठवणार आहेत, टीचर म्हणाल्या.’ कागदावर एक ओळ छापलेली आणि खाली रिकामी जागा. नीलमला दिसलं, उद्या उपासना ते पुस्तक वर्गात उघडेल, शेजारच्या मुलीला दाखवेल, बोट ठेवून म्हणेल, ही माझी आजी. किती सहज म्हणेल! जे आपल्याला चाळीस वर्षांत जमलं नाही ते ती एका मधल्या सुट्टीत करून टाकेल, आणि संध्याकाळपर्यंत ते शहापुरात पोचलेलं असेल. ‘माझे हात ओले आहेत,’ ती म्हणाली. उपासनानं शहाण्या मुलीसारखा टॉवेल पुढं केला. नीलमनं हात पुसले. सावकाश पुसले, एकेक बोट. ‘उद्या बघू.’ ‘अगं पण उद्या...’ ‘उद्या बघू म्हटलं ना!’

‘ऱ्हाऊ दे गं बाळ,’ बाहेरून सोनुबाईचा आवाज आला. बोळक्या तोंडाचा, मऊ, कुठंही धार नसलेला. नीलम त्या धारेची वाट बघत होती. आईनं आत यावं, सूप आपटावं तसं काही तरी आपटावं, म्हणावं की लिवलंय ते समदं वाचायचं हे इसरलीस व्हय गं भवाने. ‘आईला लई कामं असत्यात. बरोबर बी हाय तिचं. ल्हान पोरांनी कशाला ऐकायचं आसलं? ये, हिकडं ये, दुसरी सांगते.’ आणि नीलमला हायसं वाटलं. छातीवरचा दगड उतरावा तसं खरोखर, निखळ हायसं वाटलं, आणि त्यामागोमाग स्वतःचीच शिसारी आली. उपासना कागद ओट्यावर ठेवून बाहेर गेली. त्याचा एक कोपरा भिजत चालला होता.

‘येक राजा हुता,’ सोनुबाई म्हणाली. तिला राजाची गोष्ट येत नव्हती. नीलमला लहानपणी तिनं कधी सांगितली नव्हती. ती अडखळत, आठवत, कुठं कुठं ऐकलेलं जोडत चालली होती. ‘त्याला सात रान्या. मोट्टा वाडा. सोन्याची ताटं.’

‘याला सही लागत नाही ना गं आई?’ उपासनानं बाहेरून मोठ्यानं विचारलं.

‘नाही,’ नीलम म्हणाली.